चौथ्या मात्रेनंतर

श्यामलाबाई टिपणिसांचा हात वर असताना शिंकणारी बाई रोह्यात अजून जन्माला यायची आहे. ऋजुताला एकदा शिंक आली होती. ही ऋजुता दवाखान्यात नर्स आणि बाईंच्या वृंदात पेटी वाजवणारी. तिने शिंक गिळली, डोळे लालबुंद झाले, नाक वाहू लागलं, पण बाईंचा हात खाली येईपर्यंत तिने हूं की चूं केलं नाही. नियमच होता तसा. हात वर आहे तोवर थांबायचं नाही, हलायचं नाही आणि नजर हातावरून काढायची नाही.

वृंद सव्वीस जणींचा. दर रविवारी दुपारी रोह्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम. गायच्या त्या रागदारीतल्या बंदिशी, पण एकटीदुकटीने नाही. सव्वीस गळ्यांनी एकदम, कुणी वरच्या सुरात, कुणी खालच्या. आणि या सगळ्यांसमोर उभं राहून बाई त्यांना नुसत्या हातांनी चालवत. तरुणपणी पुण्याच्या एका शिबिरात त्यांनी एका शिक्षिकेला साठ जणांचं गाणं असं हातांनी चालवताना पाहिलं होतं. ते त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. पेणच्या शाळेत संगीत शिकवता शिकवता त्यांनी अकरा वर्षांपूर्वी रोह्यात हा वृंद उभा केला, आणि निवृत्तीनंतरही पेण ते रोहा ही रविवारची खेप एकदा चुकवली नाही.

सुरुवातीला लोकांना काही कळेना. पहिल्याच कार्यक्रमात आयोजक मंडळाचे अध्यक्ष मंचावर चढले आणि बाईंच्या कानाशी येऊन म्हणाले, "म्याडम, पब्लिक तिकडं नाय, हिकडं हाय."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मी यांच्यासाठी उभी आहे. तुम्ही खाली बसा."

अध्यक्ष खाली बसले. बाईंसमोर पुष्कळ जण असे खाली बसलेत. मानी बाई. नाकावर माशी बसू द्यायची नाही, चूक कबूल करायची वेळ आली तर आधी समोरच्याची चूक शोधायची, आणि हे सगळं इतक्या सरळ चेहऱ्याने की समोरच्याला स्वतःचीच शंका यावी. पण सुराच्या बाबतीत त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. सा अचल असतो, हे त्या पहिल्या दिवशी सांगत. रे हलेल, ग हलेल, ध हलेल, सा हलत नाही. "घर हललं तरी सा हलता कामा नये," असं चाळीस वर्षं पेणच्या पोरांनी ऐकलेलं.

या मानीपणाचं मूळ सांगायचं तर त्यांच्या माहेरी जावं लागेल. वडील हेडमास्तर. आयुष्याची शेवटची दहा वर्षं ते उजवा हात मांडीखाली दाबून बसत. दारात कुणाची चाहूल लागली की हात मांडीखाली जायचा. जेवण चमच्याने, तेही आतल्या खोलीत, दार लावून. कंपवात हा शब्द त्या घरात उच्चारायचा नाही, असा अलिखित हुकूम होता. आई म्हणायची, "मास्तरांना थंडी सोसत नाही." एप्रिल महिन्यातसुद्धा. जी गोष्ट बोललीच नाही ती नसते, हे श्यामलाबाई त्या घरात शिकल्या.

गणपती उठले आणि समूहगानाच्या राज्य स्पर्धेची जाहिरात आली. पहिली फेरी जानेवारीत, तीही पेणलाच. याआधी दोनदा वृंद पहिल्याच फेरीत बाद झाला होता. यंदा बाईंना चौसष्टावं लागलं होतं. यंदा नाही तर मग नाहीच, असं त्यांनी शरदरावांना, म्हणजे नवऱ्याला, बोलूनही दाखवलं. बंदिश निवडली भैरवातली. भैरवात रे हलतो, त्याला आंदोलन म्हणतात. सूर आपल्या जागीच संथ डुलतो. बाई ते हाताने दाखवत. तळवा आडवा धरून किंचित वर, किंचित खाली, की सव्वीस गळे तसेच डुलत. आणि बंदिशीच्या अगदी शेवटी सा. आठ मात्रांचा, लांब, सगळ्यांचा मिळून एक. तिथे हात वर नेऊन नुसता धरून ठेवायचा.

ऑक्टोबरात तो सा नासू लागला.

चार मात्रा सरळ जायच्या. पाचव्या मात्रेपासून त्यात काहीतरी थरथरायचं. फार नाही, दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. बाईंच्या कानाला मात्र तो भातातल्या खड्यासारखा लागे. "शेवट नासतोय," त्या म्हणाल्या. "परत." परत तेच. "कोण आहे ती?" सगळ्या खाली बघू लागल्या. "मला कळणारच आहे. स्वतःहून सांगितलंत तर बरं."

बायका एकमेकींकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात असं काही होतं की बाईंना ते आवडलं नाही. रविवारमागून रविवार गेले. मागची रांग वेगळी गाऊन घेतली, पुढची वेगळी. ज्या रांगेला उभं करावं ती रांग थरथरे. जणू कुणीतरी एक बाई लपूनछपून रांगा बदलत होती.

येताजाताना गाडीत सोबत असायची वृंदातल्या चंद्रावतीची. ती कासूला चढायची. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात ती बावीस वर्षं डोळ्यांची आखणी करतेय; मूर्तीचे डोळे बारीक ब्रशने रेखायचे, बस, तेवढंच काम, पण त्यावरच मूर्ती जिवंत वाटते की नाही ते ठरतं. काम करता करता ती गुणगुणत असे. बाई मूर्ती ठरवायला गेल्या आणि मूर्ती सोडून तिचा खर्जाचा आवाजच ऐकत राहिल्या. त्या वर्षी गणपती शरदरावांनी ठरवला.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी चंद्रावतीने पिशवीतून पुडी काढली. "बाई, सोडे आणलेत तुमच्यासाठी. वास घ्या, कसले हायत."

टिपणिसांच्या घरात सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीची, पुडी उघडली की गल्लीला कळायचं. बाईंनी पुडी नाकाशी धरली. काहीच नाही. कोरा कागद हुंगावा तसं. त्यांनी परत श्वास ओढला. समोरच्या बाकावरचा माणूस नाकाला रुमाल लावून खिडकीकडे सरकला होता.

"छान आहेत," बाई म्हणाल्या.

चंद्रावती त्यांच्याकडे बघत होती. चेहऱ्याकडे नाही, जरा खाली. बाईंनी नजरेमागोमाग पाहिलं. त्यांचा उजवा हात मांडीखाली दाबलेला होता. कधी गेला तिथे, त्यांना आठवेना. मनात पाल चुकचुकली. त्यांनी हात बाहेर काढला, पर्स घट्ट धरली आणि नागोठणं येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पाल एकदा चुकचुकली की ऐकू येतच राहते. ऋजुता म्हणाली, "बाई, या वेळी स्वरलिपी फार बारीक अक्षरात लिहिलीत, झेरॉक्सवर दिसतच नाही." बाईंनी कागद पाहिला. पहिली ओळ त्यांच्या नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात होती. खाली खाली अक्षर आकसत गेलं होतं, शेवटची ओळ तर मुंग्यांची. घरी शरदरावांनी एक दिवस कपबशा वरच्या फळीवर ठेवून दिल्या आणि दोन मग विकत आणले. "बशा विसळायचा कंटाळा," म्हणाले. ते उभ्या जन्मात कधी बशी विसळायला उभे राहिले नव्हते. बाईंनी मग घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि चहा प्यायल्या.

बाईंचा सगळा जीव त्या सा मध्ये अडकला होता. गुन्हेगार सापडला की सगळं ठीक होईल, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. अंगात काही बिघडलं नाही, वृंदात बिघडलंय.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी गुन्हेगार सापडला.

त्या दिवशी बाई एका हाताने सा धरून रांगेतून चालत गेल्या, प्रत्येकीच्या तोंडाशी कान नेत. हात सगळ्यांना दिसेल असा वर. आणि पहिल्या रांगेत मधोमध उभ्या असलेल्या जिकराच्या तोंडाशी येऊन थांबल्या. सगळ्यांत जास्त थरथर तिथे होती.

जिकरा म्हणजे वृंदाचा हिरा. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. वडील मुसाभाई कुवेतला. आई ताजुन्निसा लग्नाच्या गाण्यांत पुढे असणारी, पण पोरीला स्टेजवर धाडायला तयार नव्हती. बाईंनी दोन वर्षं त्या घराचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे जिकरा आली. तिचं वेड एवढं की बाईंनी बोट उचललं तर तिचा श्वास उचलला जायचा.

"तू," बाई म्हणाल्या. "तूच आहेस ती."

"बाई, मी तर तुमच्या हाताकडं बघूनच गाते."

"माझ्या हाताला काय झालंय?"

जिकराने इकडेतिकडे पाहिलं. कुणी मदतीला आलं नाही. "काय झालं नाय, बाई. पण तुमी चौथ्या मात्रेनंतर हात असा करता ना..." आणि तिने आपला हात वर करून दाखवला. बोटं थरथरवली.

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्या जणींसमोर, या पोरीने. "नक्कल करतेस माझी?"

"नाय हो बाई, नक्कल नाय..."

"बाहेर हो. आत्ताच्या आत्ता. आणि परत येऊ नकोस."

जिकराने दुपट्टा सारखा केला, वही उचलली आणि गेली. दाराशी जाऊन एकदा वळली. बाई पेटीकडे बघत होत्या.

संध्याकाळी ताजुन्निसाचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, ते जास्त वाईट. "बाई, तुमच्या भरवशावर पोर धाडली मी. लोकं बोलली तरी धाडली. तुमी तिला सगळ्यांसमोर हाकलून दिलीत. घरी आल्यापासून जेवली नाय ती. आता ती येनार नाय."

पुढच्या रविवारी बाईंनी मोठ्या विश्वासाने सा लावला. पंचवीस गळे. एक, दोन, तीन, चार. पाचव्या मात्रेला थरथर आली. गुन्हेगार अष्टमीला घरी बसली होती आणि गुन्हा इथे चालूच होता.

"सगळ्यांनी डोळे मिटा," त्या म्हणाल्या. "मी एकेकीजवळ येऊन ऐकणार. सा. आठ मात्रा. सुरू."

पंचवीस जणींनी डोळे मिटले. सा लागला. बाई पहिल्या रांगेतून गेल्या, दुसऱ्या रांगेतून गेल्या. पाच मात्रा झाल्या, सहा झाल्या, आठ झाल्या. सा सरळ. कुणाच्याही गळ्यात थरथर नाही. अकरा वर्षांत इतका सरळ सा या हॉलने ऐकला नव्हता. बाईंना आनंदाने हुंदका यायचा बाकी होता.

"हाच! हाच सा मला हवा होता. आता डोळे उघडा आणि परत हेच."

हात वर गेला. सा आला. एक, दोन, तीन, चार. आणि पाचव्या मात्रेला पंचवीस गळे एकदम थरथरले. बाईंनी गायिकांकडे पाहिलं. त्या सगळ्या एकाच जागी बघत होत्या. तेव्हा बाईंनीही त्याच जागी पाहिलं.

करंगळी आधी हलत होती. तिच्यामागून अंगठा. मग सगळा पंजा, सावकाश, एका लयीत. त्यांनी तो थांबवायचा प्रयत्न केला तेव्हा तो जास्तच हलला. तो हात त्यांचा नव्हता. तो माहेरच्या माजघरात मांडीखाली दाबलेला हात होता, आणि तो इथपर्यंत येऊन पोहोचला होता. बाईंना भीती वाटली, साधी, लहान मुलाला अंधारात वाटते तशी.

त्यांनी हात खाली घेतला. सा थांबला.

वरसे गावची मनस्वी, शाळेत शिक्षिका असलेली, घाबरत घाबरत म्हणाली, "बाई, म्हणजे आंदोलन नको होतं का? हात हलतो म्हणून आम्हाला वाटलं, रे सारखंच सा लाही द्यायचंय. आम्ही घरी बसवत होतो ते. सारखं येत नाही म्हणून तुम्ही रागावताय, असं वाटलं."

म्हणजे हे असं होतं. अडीच महिने या पोरी त्यांचा आजार घोकत होत्या, पाठ करत होत्या, आणि त्यासाठी शिव्या खात होत्या.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण हेडमास्तरांच्या घरात वाढलेली बाई. एप्रिलात थंडी सोसत नाही म्हणणाऱ्या घरातली.

"हवंय की," बाई म्हणाल्या. "सारखं येत नव्हतं, म्हणून ओरडत होते. आंदोलन ठेवायचं."

चाळीस वर्षांत सा हलवा असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या. बायकांनी माना डोलावल्या. बाई म्हणतायत म्हटल्यावर शास्त्रच ते.

परतीच्या गाडीत नागोठणं मागे पडल्यावर चंद्रावती म्हणाली, "आमच्यात आखणी सोड असं कोनाला म्हनत नाय, बाई."

"म्हणजे?"

"कारागिराचा हात हलाया लागला ना, की एका सकाळी मालक त्याच्या जागेवर बारीक ब्रश ठेवत नाय. मोठा ठेवतो, पितांबर रंगवायचा. तो येतो, बघतो, गप मोठा ब्रश उचलतो आन कामाला लागतो. कोन इचारत नाय, कोन सांगत नाय."

"आणि नाही उचलला तर?"

"मग डोळा बिघडतो. पुसला तरी डाग ऱ्हातो. मूर्ती बाजूला काढाया लागते." चंद्रावतीने पिशवी मांडीवर घेतली, कासू जवळ आलं होतं. "त्यात मूर्तीची काय चूक, सांगा."

ती उतरून गेली. बाईंनी हात मांडीखाली घातला आणि पेणपर्यंत तसाच ठेवला.

मधल्या दिवसांत शरदराव त्यांना पनवेलच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी चालून दाखवा म्हटलं, लिहून दाखवा म्हटलं, दोन्ही हात पुढे धरा म्हटलं, आणि मग तोच शब्द उच्चारला जो माहेरी कुणी उच्चारला नव्हता. गोळ्या दिल्या. हळूहळू वाढेल, म्हणाले. किती हळू ते सांगता येणार नाही. घरी येताना बाई एवढंच म्हणाल्या, "कुणाला सांगायचं नाही." शरदराव म्हणाले, "बरं." बिचारे आणखी काय म्हणणार?

पण जिकराचा तो दाराशी वळलेला चेहरा काही जाईना. एका दुपारी बाई रोह्याला उतरल्या, रिक्षा केली, कुंडलिकेचा पूल ओलांडला आणि अष्टमीला ताजुन्निसाच्या दारात उभ्या राहिल्या. ताजुन्निसाने आत घेतलं, पाणी दिलं, पण बसा म्हणायला वेळ लावला.

"जिकराचं चुकलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "माझं चुकलं. ती बरोबर गात होती." असं वाक्य त्यांनी शेवटचं कधी म्हटलं होतं ते त्यांनाच आठवत नव्हतं. "आणि स्पर्धेत वृंद तीच चालवेल. माझ्या जागी."

जिकरा आतल्या दारात उभी होती.

ताजुन्निसाने विचारलं, "आन तुमी?"

इथेही एक वाक्य पुरलं असतं. बाईंचा हात पदराखाली होता. "मी खाली बसून ऐकेन," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं पाठ करून उभी राहिले. एकदा समोरून ऐकायचंय."

ताजुन्निसा थोडा वेळ त्यांच्या पदराकडे बघत होती. मग उठली आणि चहा टाकला.

तीन रविवार मिळाले. जिकराने ते असे शोषून घेतले की बाईंना एकीकडे अभिमान वाटे आणि एकीकडे छातीत कळ येई. तीच उभं राहायची ढब, तसाच मनगटापासून उठणारा हात. शेवटी सा यायचा तेव्हा जिकरा हात नुसता स्थिर धरायची, आणि सा आठ मात्रा सरळ जायचा. बाई भिंतीशी खुर्चीवर बसून ऐकत. त्यांनी सांगितलेलं खोटं आपोआप पुसलं गेलं, असं त्यांना वाटलं. कुणाला काही सांगायची गरजच उरली नाही.

शेवटच्या तालमीनंतर जिकरा जवळ आली. "बाई, सगळं जमतंय. पन तुमचं ते शेवटचं मला जमत नाय अजून. हात आपोआप सरळ ऱ्हातो. त्या बघा, माझ्यामुळं आंदोलन विसरल्या."

"राहू दे ते," बाई म्हणाल्या.

पोरीचा चेहरा पडला. बाई नाराज झाल्या, आपल्याला ते यायचंच नाही असं त्यांना वाटतंय, असा तिने अर्थ घेतला. बाईंना ते दिसलंही. पण गाडीची वेळ झाली होती, आणि खरं सांगायचं तर गाडीची वेळ झाली याचं त्यांना बरंच वाटलं.

स्पर्धेचा दिवस उजाडला. पेणचं सभागृह सकाळी दहालाच भरलं. बाई तिसऱ्या रांगेत, शेजारी शरदराव. मागे कुठेतरी ताजुन्निसा, चार बायकांना घेऊन आलेली. नाव पुकारलं गेलं. पंचवीस जणी हिरव्या साड्यांत येऊन उभ्या राहिल्या. मग जिकरा आली, लोकांना नमस्कार केला, पाठ फिरवली आणि हात वर केला.

काय गायल्या त्या दिवशी! रे असा डुलला की पुढच्या रांगेतल्या परीक्षकांची मान डुलली. चंद्रावतीचा खर्ज खाली पसरला होता, आणि त्यावर सगळा भैरव उभा होता. बाईंच्या डोळ्यांना धार लागली. हे आपण केलं, असं त्यांना वाटलं, आणि यात खोटं काही नव्हतं. बंदिश शेवटाला आली. हात वर गेला आणि सा लागला. एक, दोन, तीन, चार. सरळ. बाई पुढे झुकल्या.

पाचव्या मात्रेला जिकराची करंगळी हलली.

तिच्यामागून अंगठा. मग सगळा पंजा, सावकाश, एका लयीत. एवढंसंही चुकलं नव्हतं. मोबाइलवर बाईंचे जुने तालमीचे व्हिडिओ लावून पोरीने आरशासमोर ते बसवलं होतं, हे नंतर कळलं. वीस वर्षांच्या निरोगी हातावर बाईंना स्वतःचा हात दिसत होता, वडिलांचा दिसत होता. पंचवीस गळे त्या हातामागून थरथरत गेले. आणि बाईंच्या मांडीखाली दाबलेला हात त्याच लयीत हलत होता.

टाळ्या झाल्या. पण परीक्षकांमधल्या वयस्कर गृहस्थांनी माइक ओढला. "मुली, फार सुंदर. एक विचारतो. शेवटचा सा मुद्दाम हलवलात की हलला?"

"मुद्दाम, सर," जिकरा म्हणाली. चेहरा फुललेला. "आमच्या बाईंनी तसंच शिकवलंय."

"सा अचल असतो, हे तुमच्या बाईंनी नाही शिकवलं?"

सभागृहात हशा पिकला. दुखावणारा नव्हता, सभागृहात पिकतो तसा. पण जिकराचा चेहरा उतरला. तिने रांगांमधून नजर फिरवली, बाईंना शोधत, आणि तो चेहरा तोच होता, दाराशी वळलेला. दुसऱ्यांदा, सगळ्यांसमोर, त्याच हातापायी.

बाई उठल्या. शरदरावांनी पदर धरला, "श्यामला, बस." त्यांनी पदर सोडवून घेतला आणि मधल्या वाटेने पुढे गेल्या. पाय किंचित घासत होते; आता ते कुणाला दिसलं तरी चालणार होतं.

"शिकवलं होतं, सर," त्या म्हणाल्या. माइक नव्हता, त्यांना कधी लागलाही नव्हता. "चाळीस वर्षं तेच शिकवलं. त्या पोरीचं काही चुकलं नाही. तिने जे पाहिलं ते केलं. मी तिला सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. हे आंदोलन नाही. मला कंपवात आहे."

आणि त्यांनी उजवा हात वर केला.

सगळं सभागृह बघत होतं. एक मात्रा, दोन, तीन, चार. हात स्थिर. कुणी खोकलं नाही. मग करंगळी हलली, तिच्यामागून अंगठा, मग पंजा. मंचावर जिकराने आपल्या हाताकडे पाहिलं आणि तो सावकाश दुपट्ट्याखाली घेतला.

तिच्यामागच्या पंचवीस जणी तशाच उभ्या होत्या, नजर बाईंच्या हातावर. चंद्रावतीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, तेही तिने पुसलं नाही. हात वर आहे तोवर हलायचं नाही. बाईंचा खांदा भरून आला होता. आता खाली घ्यायला हवा, हे त्यांना कळत होतं. एकदा खाली घेतला की या पोरींसमोर तो परत वर जायचा नाही, हेही कळत होतं. म्हणून त्यांनी तो आणखी थोडा वेळ तसाच ठेवला.